हुमायूनच्या कबरीवरचं अकराशे टनांचं ओझं

गळकं छत दुरुस्त करायचं म्हणजे त्यावर काहीतरी घालायचं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आधी डांबर, मग सिमेंट, मग ब्रिकबॅट कोबा, हल्ली पांढरं रबरी कोटिंग, आणि सगळे उपाय हरले की वर पत्र्याची शेड. दिल्लीतल्या हुमायूनच्या कबरीवर हा उद्योग ऐंशीएक वर्षं चालला होता. २००९ मध्ये तो उलटा फिरवला गेला. छतावर नवीन काही घालण्याआधी सुमारे ११०२ टन सिमेंट काँक्रीट हाताने फोडून खाली उतरवलं गेलं. अकरा लाख किलो! दहा टनी ट्रकच्या एकशे दहा खेपा भरतील एवढा माल एका थडग्याच्या डोक्यावरून निघाला. जुन्या इमारतींच्या छतांची दुरुस्ती कशी चुकते आणि कशी सुधारता येते, हे समजून घ्यायला हे एक प्रकरण पुरेसं आहे.

इमारत आणि तिचं छत

हुमायून जानेवारी १५५६ मध्ये पुराना किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. त्याची कबर बांधवली त्याच्या विधवेने, बेगा बेगमने. तेव्हा गादीवर अकबर होता. मीरक मिर्झा ग़ियास हा त्या इमारतीचा रचनाकार. काम १५७० च्या सुमारास पुरं झालं. लाल वालुकाश्म, त्यात पांढऱ्या संगमरवराच्या रेघा, विस्तीर्ण चबुतरा, चारबाग म्हणजे चार भागांत आखलेली बाग, आणि वर दुहेरी घुमट. ताजमहालाच्या आधीची पायरी म्हणून पुस्तकांत तिचं नाव येतं, आणि १९९३ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १८५७ मध्ये बहादूरशहा जफर इथेच लपला होता आणि इथेच पकडला गेला. १९४७ मध्ये याच आवारात निर्वासितांची छावणी होती. इमारतीने बरंच पाहिलं आहे, पण आपला विषय तिच्या डोक्यापुरता.

छत म्हटलं की घुमट डोळ्यांसमोर येतो. घुमट मात्र पाण्याच्या बाबतीत फारसा त्रास देत नाही. उतार तीव्र, वर संगमरवराचं आच्छादन, आणि दुहेरी असल्यामुळे बाहेरच्या कवचातून थोडं पाणी आत आलंच तरी ते लगेच आतल्या कवचावरच्या गिलाव्याला भिडत नाही. खरा नाजूक भाग असतो तो घुमटाभोवतीची गच्ची. या गच्चीवर छत्र्या, म्हणजे खांबांवरचे छोटे घुमटाकार मंडप, आहेत, लहान खोल्या आहेत, कठडे आहेत. म्हणजे पाणी अडेल अशा जागा भरपूर. जिथे उभं बांधकाम आडव्या पृष्ठभागाला भेटतं तिथून छत गळतं, हे कुठलाही वॉटरप्रूफिंगवाला सांगेल. म्हणूनच तो कठड्याच्या मुळाशी गोल वाटा मारतो, म्हणजे कोपरा गोलाईने भरून काढतो.

गच्चीच्या खाली सपाट स्लॅब नाही. खाली कमानी आणि घुमटाकार छतं आहेत. अशा बांधकामात कमानींच्या पाठीवरचे खळगे दगडविटांचे तुकडे आणि चुन्याने भरून वरचा भाग सपाट करतात, आणि त्यावर उतार देऊन चुन्याचा कोबा घालतात. मधल्या भरावाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवायला हवं: त्यात पाणी मावतं. थोडं पाणी आत गेलं तर तो पिऊन घेतो, आणि ऊन पडलं की वरच्या चुन्यातून ते वाफ होऊन निघून जातं. चुन्याच्या छतात पाणी थोडं शिरणार हे धरलेलंच असतं. ते जिरतं आणि परत वर जातं. वरून ती वाट बंद केली, तर आत गेलेल्या पाण्याला एकच रस्ता उरतो, खाली, आतल्या गिलाव्यातून.

ऐंशी वर्षांचं सिमेंट

१९२० च्या दशकात या गच्चीवर पहिल्यांदा सिमेंट काँक्रीटचा थर पडला. कारण साधं होतं, छत गळत होतं. त्या काळात सिमेंट नवलाईचं होतं. भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत ते सरकारी बांधकामांत सर्रास दिसू लागलं. चुना विरवायचा, मुरवायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, घातल्यावर आठवडेच्या आठवडे जपायचा, आणि हे करणारा गवंडीही हाताशी हवा. सिमेंटचं पोतं फोडलं की दुसऱ्या दिवशी त्यावर चालता येतं. पावसाळा तोंडावर आलेला असताना कुठला अभियंता कोणता पर्याय निवडेल, हे सांगायला नको. त्या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्या समोरच्या नव्या इमारतींत सिमेंट चांगलं काम करत होतं.

पण जुन्या छताच्या अंगावर सिमेंट बसलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. गच्चीवरचं पाणी वाहून नेणारे मूळ मार्ग त्या थराखाली बुजले. आणि वरचा थर ताठर व बंद झाला. मग पुन्हा गळती. पुन्हा सिमेंट. दरवेळी नव्या थराने पातळी थोडी चढायची, पाणी जाण्याची वाट आणखी बुजायची, आणि पुढच्या गळतीची सोय आधीच होऊन बसायची. विसाव्या शतकाच्या शेवटाला जाडी साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत पोचली होती. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढं.

सिमेंट इथे का हरतं, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. काँक्रीट दर एक अंश तापमानाला दर मीटरमागे मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकं फुगतं. दिल्लीच्या गच्चीचा पृष्ठभाग हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात चाळीस अंशांनी सहज फिरतो. म्हणजे दहा मीटरचा सलग पट्टा वर्षात चार मिलिमीटर लांब-आखूड होतो. खालचं चुन्याचं बांधकाम याच्या निम्म्याच्या आसपास हलतं आणि मऊ असल्यामुळे ती हालचाल आपल्या असंख्य सांध्यांत वाटून घेतं. काँक्रीट वाटून घेत नाही, ते एका जागी तडकतं. त्या तड्यातून पाणी आत जातं आणि वरच्या बंद थरामुळे परत येऊ शकत नाही. भर म्हणून सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर खाली उतरतात. पाणी सुकतं, क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांनी गळायला लागतो. वाड्यांच्या भिंतींवर लोणा चढलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही.

वजनाचं गणित वेगळंच. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २३०० ते २४०० किलो भरतो. जिथे थर पूर्ण ४० सेंटिमीटर होता तिथे दर चौरस मीटरवर नऊशे किलोंहून जास्त ओझं होतं. राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरतात. म्हणजे त्याच्या साडेचारपट. इमारत कोसळायला आली होती असं म्हणता येणार नाही. मुघल भिंती जाड असतात आणि भार सोसतात. पण साडेतीनशे वर्षं एका विशिष्ट वजनाखाली स्थिरावलेल्या कमानींवर नंतर कुणीतरी हळूहळू हजार टन आणून ठेवतं आणि त्याची नोंद ‘दुरुस्ती’ या शीर्षाखाली होते, हे काही बरं नाही.

पैसा, परवानगी आणि नकाशा

हे काम एका सरकारी खात्याने एकट्याने केलं नाही, आणि त्यातच बरंचसं यश आहे. कबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. तिची बाग आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने २००३ पर्यंत पुन्हा उभी करून दिली होती, म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांचा अनुभव होता. २००७ मध्ये निजामुद्दीन परिसरासाठी मोठा करार झाला आणि मुख्य इमारतीच्या संवर्धनासाठी पैसे आले मुंबईतून, सर दोराबजी टाटा ट्रस्टकडून. राष्ट्रीय स्मारकावर खासगी पैसा आणि बाहेरची तांत्रिक टीम, हे भारतात तेव्हा नवीनच होतं. प्रकल्पाचं नेतृत्व संवर्धन-वास्तुविशारद रतीश नंदा यांच्याकडे होतं.

आधी मोजमाप झालं. त्रिमितीय लेझर स्कॅनिंगने इमारतीची नोंद घेतली, जुनी छायाचित्रं आणि कागद तपासले, तज्ज्ञांकडून आराखडा पुन्हापुन्हा पारखून घेतला. या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तो कंटाळवाणा असतो आणि तसाच असायला हवा. फक्त एवढं सांगतो की आपल्याकडच्या बहुतेक दुरुस्त्यांत तो मुळी नसतोच. निविदेत ‘वॉटरप्रूफिंग, दर चौरस मीटर’ अशी एक ओळ असते आणि खाली काय आहे हे कुणी पाहिलेलं नसतं.

फोडणं

मग छिन्नी आणि हातोडा. ब्रेकर लावला असता तर काम किती लवकर उरकलं असतं असं वाटेल, पण ब्रेकरचा हादरा काँक्रीटपुरता थांबत नाही. तो कमानींच्या सांध्यांत, घुमटाच्या मुळात, छत्र्यांवरच्या चिनी मातीसारख्या झिलईदार फरशांत जातो. म्हणून सगळं हाताने. कित्येक महिने गवंडी आणि मजूर त्या गच्चीवर बसून काँक्रीटचे ढलपे काढत होते.

या कामात कौशल्य आहे ते थांबण्यात. सिमेंट संपून चुना कुठे सुरू होतो हे हाताला कळावं लागतं. सिमेंटवर छिन्नी मारली की आवाज टणक, खणखणीत येतो आणि राखाडी कपच्या उडतात; चुन्यावर मारली की आवाज बसतो आणि छिन्नीच्या टोकाला पांढुरकी, सुर्खीमुळे (विटांच्या पुडीमुळे) किंचित गुलाबी भुकटी लागते. तिथे हात आवरायचा. चांगला गवंडी हे बघून नव्हे, ऐकून ठरवतो. उत्साहाच्या भरात मूळ कोब्याचाही तुकडा निघाला तर तो परत येत नाही.

उतरवण्याचं कामही साधं नाही. फोडलेला राडा गच्चीवर एका जागी साठवला तर तिथे नवं ओझं. म्हणजे फोडायचं, भरायचं, खाली न्यायचं, हे एकाच वेगाने चालू ठेवावं लागतं. एका बाजूचं वजन उतरलं आणि दुसऱ्या बाजूचं तसंच राहिलं असंही फार काळ चालत नाही.

परत चुना

काँक्रीट गेल्यावर गच्चीवर चुन्याचा कोबा घातला गेला, पारंपरिक पद्धतीने. इथे जरा रेंगाळतो, कारण हे तंत्र महाराष्ट्रातल्या धाब्याच्या आणि वाड्याच्या गच्चीतही तेच होतं आणि आज ते करणारे हात फार थोडे उरले आहेत.

कळीचा चुना पाण्यात विरवतात. तो उकळतो, फुटतो, लोण्यासारखा होतो. नीट मुरू दिला नाही तर न विरलेले खडे मागे राहतात आणि घातल्यावर महिन्यांनी फुगून कोब्याला खड्डे पाडतात. मुरलेल्या चुन्यात सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळतात. निव्वळ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला वेळ लागतो; सुर्खीमुळे तो ओलाव्यातही घट्ट होऊ शकतो, आणि छतासाठी हेच हवं. पूर्वी हे मिश्रण बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळत. त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी अशी भर पडे. हुमायूनच्या कबरीवरच्या चुन्यातही अशा जुन्या घटकांचा वापर झाला. यात गूढ काही नाही. गुळाने मिश्रण कमी पाण्यात सैल राहतं, बेल आणि उडीद यांचा चिकटपणा पाणी धरून ठेवतो आणि चुना सावकाश सुकतो. सावकाश सुकला की कमी तडकतो.

मग विटांचे तुकडे आणि हा चुना मिसळून उतारावर पसरतात आणि ठोकायला घेतात. माणसं ओळीने उकिडवी बसतात, हातात लाकडी थापी, आणि एका तालात कोबा ठोकत मागे सरकतात. अधूनमधून गूळ-बेलाचं पाणी शिंपडतात. पहिल्या दिवशी थापीचा वळ उमटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटायचा कमी होतो. पृष्ठभागावर दुधासारखा चुना वर येतो आणि थापी हातात उलटी उसळायला लागते, तेव्हा कोबा बसला म्हणायचा. त्यानंतर कित्येक दिवस ओला ठेवायचा. घाई करायला जागाच नाही. उतार निदान साठाला एक असावा असा संकेत आहे, आणि तो शेवटपर्यंत, थेट पन्हळीच्या तोंडापर्यंत, तुटता कामा नये. काँक्रीट निघाल्यामुळे गच्चीची पातळी खाली आली आणि पाण्याला बाहेर पडायला पुन्हा जागा मिळाली. माझ्या मते या सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत महत्त्वाचा लाभ हाच आहे. उत्तम कोबाही साचलेल्या पाण्यापुढे फार काळ टिकत नाही.

छतावरून इतरत्र

गच्चीचं काम झाल्यावर तीच पद्धत खाली आली. चबुतऱ्याच्या खालच्या पायरीवर मुळात क्वार्टझाइट या कठीण दगडाचे मोठाले चिरे होते, त्यातले काही तर एक हजार किलोंहून जड. १९४० च्या दशकात तिथली जमीन असमान खचली म्हणून कुणीतरी सगळ्यावर काँक्रीट ओतलं होतं. तेही निघालं आणि चिरे पुन्हा पातळीत बसवले. आतल्या भिंती-छतांवरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला. सगळ्या प्रकल्पात कारागिरांचे दोन लाख कामाचे दिवस लागले, आणि १८ सप्टेंबर २०१३ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते संवर्धित इमारतीचं उद्घाटन झालं.

वाद झाला तो छत्र्यांवरच्या फरशांवरून. गच्चीवरच्या छत्र्यांचे निळे-हिरवे झिलईदार तुकडे बरेचसे पडून गेले होते. उझबेकिस्तानातल्या कारागिरांना बोलावून निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना ती कला शिकवली गेली, भट्ट्या लावल्या, आणि जिथे फरशी उरलीच नव्हती तिथे नवी बसवली. मूळ फरशी, झिलई उडालेली असली तरी, काढली नाही. पुरातत्त्व खात्यात १९२३ च्या जॉन मार्शलच्या संवर्धन-पुस्तिकेची परंपरा खोल रुजलेली आहे: जे उरलं आहे ते सांभाळा, गेलेलं नव्याने घडवू नका. त्या नजरेने पाहिलं तर नवी फरशी म्हणजे खोटेपणा. मला हा आक्षेप शोभेच्या कामात पटतो, छताच्या बाबतीत पटत नाही. छताचं पहिलं काम पाणी अडवणं आहे, आणि छत्रीवरची फरशी ही नुसती नक्षी नाही, तिचं पावसाळी आवरणही आहे. ते उघडं ठेवून ‘जसं आहे तसं’ जपणं म्हणजे खालचं बांधकाम सावकाश विरघळू देणं. मात्र नवी फरशी जुनीच आहे असं भासवणंही बरोबर नाही. नोंदी चोख हव्यात.

प्रकल्प संपला म्हणून छत संपत नाही, हे ३० मे २०१४ च्या वादळाने दाखवलं. उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं आणि घुमटावरचा अठरा फुटी कळस खाली आला. लाकडी दांड्यावर तांब्याची अकरा भांडी एकावर एक ओवून तो केलेला होता. नवा कळस त्याच रीतीने घडवून, सोन्याचा मुलामा देऊन, एप्रिल २०१६ मध्ये बसवला. कळस ही छतातली सर्वांत उंच आणि सर्वांत दुर्लक्षित जागा: तिथपर्यंत परांची बांधल्याशिवाय कुणी पोचत नाही, आणि परांची पडझड झाल्यावरच बांधतात. त्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यातून पाणी थेट घुमटाच्या माथ्यात उतरू शकतं.

आपल्या गच्चीसाठी

दिल्लीत वर्षाला जेमतेम सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्या पावसात हे झालं. पुण्यातल्या पेठांत, साताऱ्यात, वाईला जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर तोच प्रकार चालू आहे, फक्त थर पातळ आहेत आणि हिशेब कुणी ठेवत नाही. अशा गच्चीचा मालक विचारतो, ‘कुठलं केमिकल चांगलं?’ त्याआधी त्याने एक करावं. पन्हळीजवळ, जिथे पाणी साचतं तिथे, फूटभर लांब आणि फूटभर रुंद चौकोन छिन्नीने उघडावा. चुना लागेपर्यंत किती थर निघतात ते मोजावं, प्रत्येकाची जाडी लिहून ठेवावी, फोटो काढावा. पन्हळीचं मूळ तोंड कुठल्या पातळीला होतं ते शोधावं. बहुतेकदा ते सध्याच्या पृष्ठभागाच्या तीन-चार इंच खाली सापडतं. तो चौकोन पावसाआधी चुन्यानेच बंद करावा. आणि कंत्राटदाराकडून दरपत्रक घेताना घालण्याच्या दरासोबत काढण्याचा, खाली उतरवण्याचा आणि राडा वाहून नेण्याचा दर वेगळा लिहून मागावा. जो हा दर द्यायला खळखळ करतो, त्याचा इरादा आणखी एक थर चढवण्याचा आहे.